मदत हवी आहे: मोटर न्यूरॉन डिसीजवरचं संशोधन सायटेशनच्या आकड्यांत कसं मांडावं?

नमस्कार मंडळी,

मी एका वैद्यकीय संस्थेच्या ग्रंथालयात काम करते. इथल्या एका न्यूरॉलॉजिस्ट मॅडमचं नाव पुरस्कारासाठी सुचवलं जातंय आणि त्यांच्या प्रकाशनांचा अहवाल करायचं काम माझ्याकडे आलंय. अर्जात रकाने तीनच: एकूण पेपर, एकूण सायटेशन (इतरांनी आपल्या पेपरांत दिलेले संदर्भ), एच-इंडेक्स (तो १० असेल तर दहा पेपरांना प्रत्येकी निदान दहा सायटेशन). खाली टिपणीसाठी दोनशे शब्दांची जागा. त्या दोनशे शब्दांपाशी मी दोन आठवडे अडकले आहे.

मॅडमचं जवळजवळ सगळं काम मोटर न्यूरॉन डिसीजवर, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याच्या आजारावर आहे. माझे मामा याच आजारात गेले. आधी हात, मग बोलणं, गिळणं आणि शेवटी श्वास, असं एकेक जाताना मी पाहिलंय. त्यामुळे हे काम रकाने भरून उरकायचं नाहीये मला.

आकडे जुळत नव्हते, ते बरंचसं निस्तरलं. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधीचे पेपर) सगळंच मोजतं, स्कोपस हा सायटेशनचा डेटाबेस फक्त त्यांच्या यादीतली प्रकाशनं धरतं, म्हणून एच-इंडेक्स दोन ठिकाणी वेगळा दिसतो. शिवाय मॅडमची माहेरच्या आणि सासरच्या नावाने दोन खाती पडली होती. ती ऑर्किडला (संशोधकाचा कायमचा ओळखक्रमांक) जोडून घेतली.

खरी अडचण वेगळीच आहे. त्यांचे सर्वाधिक सायटेशन मिळालेले दोन पेपर जनुकांवरचे आहेत, शंभरावर लेखकांचे. मॅडमनी रुग्णांचे नमुने आणि नोंदी दिल्या, त्यांचं नाव मधे कुठेतरी आहे. याउलट ज्यात त्यांचं नाव पहिलं किंवा शेवटचं आहे, म्हणजे मुख्य वाटा त्यांचा आहे, ते काम श्वसनाच्या स्नायूंवरचं: ते कधी दुबळे होतात, मास्कवाटे श्वासाला आधार देणारं यंत्र कधी सुरू करावं. या पेपरांना सायटेशन बेताचेच.

पण रुग्णाच्या बाजूने पाहा. रिलुझोल हे औषध १९९५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, त्याने आयुष्य साधारण दोन-तीन महिन्यांनी वाढतं. २००६ मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त श्वसनयंत्राची एक चाचणी आली. रुग्ण अवघे ४१. बोलण्या-गिळण्याचे स्नायू फार बिघडलेले नव्हते, अशांमध्ये जगण्याच्या काळात मध्यक फरक २०५ दिवसांचा निघाला. हे वाचून मी कितीतरी वेळ तशीच बसून होते.

या क्षेत्रात सायटेशन कुठे साचतात तेही बघितलं. १९९३ चा एसओडी१ जनुकाचा पेपर, २००६ चा टीडीपी-४३ प्रथिनाचा, २०११ चे सी९ओआरएफ७२ जनुकावरचे दोन, हे जवळपास प्रत्येक प्रस्तावनेत असतात, आणि तो मान त्यांचाच आहे. पण २००८ मध्ये लिथियममुळे आजार मंदावतो असं सांगणारा एक पेपर आला होता. लिथियम घेतलेले रुग्ण फक्त १६. नंतरच्या मोठ्या चाचण्यांत ते टिकलं नाही, आणि ते खोडून काढणाऱ्यांनीही त्या पेपरचा संदर्भ दिलाच! एकूण बेरजेत हा फरक कुठे दिसतो?

तर विचारायचं हे, की आजारच विरळ असताना (युरोपात वर्षाला लाखात सुमारे दोन नवे रुग्ण) आकड्यांची तुलना कशाशी करावी? आणि मधल्या नावाचे पेपर वेगळे दाखवले तर मॅडमचं नुकसान तर होणार नाही ना?

प्रतिसाद

ताई, वेगळेच दाखवा. परीक्षक न्यूरॉलॉजीतले असतील तर शंभर लेखकांचा पेपर म्हणजे काय ते त्यांना ठाऊक असतं. आपणहून सांगितलं की विश्वास बसतो.

तुलनेसाठी एनआयएचचं (अमेरिकेची सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था) आयसाइट हे संकेतस्थळ वापरा, फुकट आहे. पेपरांचे पबमेड (वैद्यकीय पेपरांची ऑनलाइन सूची) क्रमांक टाकले की प्रत्येक पेपरचं सापेक्ष सायटेशन गुणोत्तर मिळतं. त्या पेपरसोबत ज्यांचे संदर्भ दिले जातात त्यांच्यावरून त्याचं क्षेत्र ठरतं, त्यामुळे विरळ आजाराची तुलना पक्षाघाताशी होत नाही. १ म्हणजे एनआयएचच्या निधीतून झालेल्या पेपरांची मध्यक पातळी. रुग्णांवरच्या चाचण्यांनी किंवा मार्गदर्शक सूचनांनी त्या पेपरचा संदर्भ दिलाय का, तेही तिथे कळतं. मॅडमच्या श्वसनाच्या कामाला तेच उपयोगी पडेल.

एक सांभाळा. शोधताना नुसतं मोटर न्यूरॉन डिसीज टाकू नका, अमेरिकेतले लोक त्याच आजाराला एएलएस लिहितात. आणि पबमेडच्या विषयशब्दांत मोटर न्यूरॉन डिसीजखाली लहान मुलांचा एसएमए हा वेगळा आनुवंशिक आजारसुद्धा येतो, तो गाळायला विसरू नका.

धागाकर्ती

खूप खूप आभार! एसएमएचे पेपर खरंच मिसळले होते, आत्ता काढले. आयसाइटवर मॅडमचा श्वसनावरचा जुना पेपर टाकला, गुणोत्तर १ च्या वर आलं आणि संदर्भ देणाऱ्यांत रुग्णांवरच्या चाचण्याही आहेत. टिपणीची सुरुवात त्यानेच करतेय. मार्गदर्शक सूचनांमधलं नेमकं वाक्य कसं शोधायचं, कोणी केलंय का?