अर्जंट! मखराच्या गाडीचा वॉटर पंप (कुणाला चासी कळते का?)

प्रेषक: मेधा (स्टुटगार्ट)

मंडळी,
आमच्या मोटरहोमचा (मर्सिडीजची चासी म्हणजे खालचा सांगाडा, वर बांधलेलं घर) वॉटर पंप गेला. गाडीखाली हिरवं डबकं साचतंय आणि मागच्या खेपेला नंदूला येत होता तो कुईकुई आवाज याचाच होता. गणपती तोंडावर आलेत, मखर आणि मोठी पातेली न्यायला दुसरी गाडी नाही. विक्रम पुण्यात आहे, शनिवारी रात्री निघतोय. हे इंजिन नाना पेठेत, पार्टच्या दुकानांत, अजून जिवंत आहे असं दिनूकाका दर वर्षी सांगतात, म्हणून त्याला तिकडे पिटाळलाय. दुकानदार म्हणतो, "मॉडेल बोला."

दाराच्या आतल्या पट्टीवरचा नंबर पाठवला, चालला नाही. इथल्या दुकानात नोंदणीच्या जर्मन कागदावरचे २.१ आणि २.२ या रकान्यांतले आकडे दिले तर संगणकाच्या मते अशी गाडीच नाही. २.२ मध्ये नुसती शून्यं आहेत. मागे २०७ डी (मर्सिडीजचं मॉडेल) लिहिलंय. पहिली नोंदणी १९८९. एवढ्यावर कुणी सांगू शकेल का?

---

प्रेषक: विक्रम (सध्या बावधन)

नाना पेठेतूनच लिहितोय. मर्सिडीज म्हटल्यावर काउंटरवरच्या गृहस्थांनी माझ्या चपलांकडे पाहिलं. मग "म्हणजे ट्रॅक्सचं इंजिन का? आधी सांगायचं ना!" म्हणून माळ्यावरून दोन खोके काढले. एक पंप जुन्या ट्रॅक्स-मॅटाडोरचा, एक नव्या ट्रॅव्हलरचा. दोन्ही तेलकट कागदात. फ्लॅंज वेगळी, भोकं वेगळी. यातला कुठला? परत घेणार नाही असं आधीच बजावून झालंय.

---

प्रेषक: स्मिता (खजिनदार)

पंपाबद्दल मला काही कळत नाही. पण मागच्या वर्षी टायर "गणपती" या खात्यात घातले गेले आणि वार्षिक सभेत उत्तरं मी दिली. गाडी नंदू-मेधाची आहे, मंडळाची नाही. मंडळ फक्त डिझेल देतं. पावती आणली तर बघू.

---

प्रेषक: दिनूकाका (कोथरूड)

मेधा, दाराच्या आतली पट्टी विसर. ती वर ज्यांनी घर बांधलं त्यांची, त्यांच्या कारखान्यातला अनुक्रमांक. खिडकीची रबरं किंवा गॅसच्या कप्प्याची कडी हवी असेल तेव्हा उपयोगी. इंजिन, ब्रेक, बेअरिंग, हे सगळं खालच्या सांगाड्याचं, आणि तो सांगाडा मर्सिडीजचा.

२.१ चा घोळही तोच. तिथे गाडी अंतिम तयार करणाऱ्याचा कोड असतो, म्हणजे तुझ्याकडे घर बांधणाऱ्याचा. आणि अशा एकेकट्या मंजूर झालेल्या गाड्यांना २.२ मध्ये बहुधा शून्यंच मिळतात. दुकानातला मुलगा त्या दोन रकान्यांवरच गाडी शोधतो, त्याला दुसरं शिकवलेलंच नाही. 'ई' हा रकाना बघ. सतरा अक्षरी नंबर. तोच नंबर चासीवर पुढे उजव्या अंगाला ठोकलेला असतो, वायरब्रशने गंज काढून जुळवून घे.

१९८९ वर फार विसंबू नकोस. मोकळी चासी घर बांधणाऱ्याच्या अंगणात पडून राहते, वर घर चढतं, ग्राहक मिळतो आणि मग नोंदणी होते. चासी आदल्या वर्षाची सहज असू शकते. तुझ्या बाबतीत नेमकं तेच महत्त्वाचं, कारण १९८८-८९ च्या सुमारास २०७ जाऊन २०८ आली आणि इंजिन बदललं. मागच्या बिल्ल्यावर जाऊ नकोस, तो दोन स्क्रूवर असतो.

---

प्रेषक: संजय (न्यू जर्सी)

मी आता तुमच्याकडे नसलो तरी लिस्टवर आहे 🙂 इतकं लांबण लावायची गरज नाही. सतरापैकी दहावं अक्षर म्हणजे वर्ष. आमच्या फोर्ड चासीच्या मोटरहोमला मी नेहमी तसंच बघतो. मेधा, दहावं काय आहे?

---

प्रेषक: मेधा

डब्ल्यूडीबी, मग ६०१, मग आणखी तीन आकडे. दहावा १. पूर्ण नंबर लिस्टवर टाकत नाही, सुनील ओरडेल.

---

प्रेषक: संजय

१ म्हणजे २००१! कागद नीट तपासा, कुणीतरी फसवलंय तुम्हाला.

---

प्रेषक: अनघा (म्युनिक)

थांबा थांबा! ६०१ म्हणजे इंजिन ओएम ६०१. आमच्या जुन्या मर्सिडीज १९० डी मध्ये तेच होतं, त्याची पुस्तिका अजून आहे माझ्याकडे. पुण्यात बनलेलं ओएम ६१६ आहे, वेगळी पिढी. ट्रॅक्सचा पंप बसणार नाही. विक्रम, पैसे देऊ नकोस!!

---

प्रेषक: विक्रम

दिले नाहीत. पण गृहस्थ शटर अर्धं खाली घेतायत. एक ते चार.

---

प्रेषक: दिनूकाका

संजय, ही गाडी १९९५ ला बंद झाली, तिच्या जागी स्प्रिंटर आली. २००१ ची कुठून असेल? दहाव्या जागी वर्ष घालण्याचा नियम तुमच्या अमेरिकेचा. युरोपातल्या मर्सिडीजमध्ये दहावा आकडा स्टिअरिंग सांगतो. १ म्हणजे डावीकडे, २ म्हणजे उजवीकडे. वर्ष त्या नंबरात कुठेच लिहिलेलं नसतं. शेवटच्या सहा आकड्यांवरून काढावं लागतं. पार्टच्या कॅटलॉगातही "अमुक चासी नंबरापासून पुढे" असंच छापलेलं असतं, म्हणून ते सहा आकडे फोनवर सांगताना कधी गाळू नयेत.

अनघा, दोन ६०१ आहेत आणि त्यांचं एकमेकांशी काही नातं नाही. चासी नंबरातला ६०१ गाडीची मालिका सांगतो. ६०१ म्हणजे हलकी, २०७-२०८ वाली. ६०२ म्हणजे ३०७-३०८, साडेतीन टनाच्या आसपासची. ६११ म्हणजे मागे डबल चाकं. इंजिनाचे आकडे निराळे: ६१६, ६०१, ६०२. हो, ६०२ सुद्धा दोन्हीकडे आहे. ज्यांनी हे आकडे वाटले त्यांना नाना पेठेत एक दिवस काउंटरवर बसवायला हवं. ६०१ चासीत ६१६ इंजिन असू शकतं आणि ६०१ इंजिनही असू शकतं. ते पुढच्या तीन आकड्यांत दडलेलं आहे, पण त्याचा तक्ता माझ्या डोक्यात नाही.

तक्त्याची गरजही नाही. मेधा, कागदावर 'पी.१' बघ. इंजिन किती सीसी आहे? २३९९ असेल तर ६१६. २२९९ असेल तर ६०१, आणि मग अनघाचं बरोबर, पंप जर्मनीतच शोधा.

---

प्रेषक: अनघा

काका, मी फक्त पुस्तिकेत आहे ते सांगितलं. आणि १९० डी च्या इंजिनाची बदनामी नको, आमचं शेवटपर्यंत धडधाकट होतं.

बाय द वे, मखर यंदा घडीचं करायचं ठरलं होतं ना? मग मोटरहोम लागतेच कशाला?

---

प्रेषक: स्मिता

> मखर यंदा घडीचं करायचं ठरलं होतं ना?

ठरलं नव्हतं. चर्चा झाली होती. मखर समितीत कोण कोण आहे ते इतिवृत्तात आहे.

---

प्रेषक: सुनील (लिस्ट व्यवस्थापक)

मखरासाठी वेगळा विषय उघडा. आणि चासी नंबर, पासपोर्ट नंबर लिस्टवर टाकू नयेत ही आठवण.

---

प्रेषक: मेधा

पी.१ : २३९९
पी.२ : ५३

---

प्रेषक: दिनूकाका

५३ किलोवॅट म्हणजे ७२ हॉर्सपॉवर. २०७ मधला शेवटचा ७ तोच, दहाच्या हिशेबात सत्तर. ६१६ आहे. हेच इंजिन बजाज टेम्पोने परवान्यावर इथे बनवलं आणि मॅटाडोरमध्ये, ट्रॅक्समध्ये घातलं. ट्रॅव्हलर तर तुमच्या गाडीचीच सख्खी बहीण, तोच साचा १९८७ पासून इकडे चालू आहे. आता सगळे आकुर्डी आकुर्डी करतील, पण ट्रॅव्हलर पिथमपूरला बनते. आकुर्डीला कंपनीचं मुख्य ठाणं.

तरी दोन गोष्टी. पस्तीसएक वर्षांच्या गाडीत इंजिन कुणी मध्येच बदललं असेल तर कागदाला ते ठाऊक नसतं. नंदूला टॉर्च घेऊन ब्लॉकवरचा इंजिन नंबर वाचायला सांग, सुरुवातीचे तीन आकडे ६१६ हवेत. आणि जुना पंप उतरवून त्याचा समोरून आणि मागून फोटो, शेजारी पट्टी ठेवून. इंजिन तेच असलं तरी पुली आणि पंख्याची बैठक गाडीगणिक बदलू शकते.

इंजिनचा माल ठीक आहे. पण उद्या कुणी स्टिअरिंगचा रॉड पुण्याहून मागवू नका, इथल्या गाड्या उजव्या हाताच्या.

---

प्रेषक: संजय

अमेरिकन नंबरात दहावं अक्षर वर्षच असतं हे माझं म्हणणं कायम आहे. फक्त तेही चासीचं वर्ष. माझं मोटरहोम २००४ चं म्हणून विकलं गेलं, चासी २००३ ची. ऑइल फिल्टरपासून सगळं २००३ म्हणून मागवतो. म्हणजे काका म्हणतात तेच, पण मी आधी म्हणालो होतो.

---

प्रेषक: नंदू

गाडीखालून लिहितोय. ६१६. फोटो विक्रमला वेगळे पाठवले. पट्टी शाळेची आहे, हसू नये.

---

प्रेषक: विक्रम

शटर चारला उघडलं. फोटो फोनवर मोठा करून खोक्यातल्या पंपाशेजारी धरला. गृहस्थांनी माझ्या हातून फोन घेतला, चष्मा कपाळावर चढवला, भोकांवरून अंगठा फिरवला आणि "ट्रॅक्सचाच. पण पुली तुमची जुनीच लावा" एवढंच बोलले. गॅस्केट दोन घेतली, एक फाटतंच असं त्यांचं मत. नवीन ट्रॅव्हलरचा पंप त्यांनी न विचारताच माळ्यावर परत टाकला.

कस्टमची काळजी नको, विमानाने येताना ४३० युरोपर्यंतचं वैयक्तिक सामान चालतं आणि हे त्याच्या जवळपासही जात नाही. स्मिताताई, पावती आहे, पण ती हाताने लिहिलेली आहे आणि त्यावर "मर्सडिस टेंपो" असं आहे.

---

प्रेषक: स्मिता

तारीख आणि शिक्का आहे का?