जुन्या गल्ल्यांचं रूप राखायचं की नाही?

शहापूरकर: जानेवारी २०१६ मध्ये बेळगाव स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आलं. तेव्हापासून रस्ते, दिवे, गटारं यांवर भरपूर बोललो, जुन्या घरांवर मात्र नाही. किल्ल्यातली १२०४ ची कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, स्मारक म्हणून सांभाळली जाते. राहत्या घरांना वाली कोण?

बेळगावातलं आमचं शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं. विणकरांची, सराफांची पेठ. इथलं घर रस्त्याला अरुंद, आत लांबच लांब. दाराशी कट्टा, मग सोपा (ओसरी), मधे उघडा चौक. उजेड आणि वारा त्या चौकातूनच. घर पाडलं की आधी तोच जातो. वर स्लॅब पडतो आणि मधल्या खोलीत भर दुपारी लाईट लावावी लागते. दर्शनी बाजूची उंची, कट्टा, उतरतं छप्पर आणि आतला चौक एवढ्यापुरता नियम करा. बाकी हवं ते बांधा.

माडीवाला: नियम मागणाऱ्यांनी आमच्या माडीवर एक पावसाळा काढावा. कौलं परतायला माणूस मिळत नाही. वासे वाळवीनं पोखरलेत. उताऱ्यावर सगळ्या भावकीची नावं, दुरुस्तीला कोणी रुपया काढत नाही. बिल्डर आला की तीन भावांना तीन फ्लॅट मिळतात आणि वर्षानुवर्षांचा वाद मिटतो. हे बाहेरून दिसत नाही.

आर्किटेक्ट ताई: भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत सेटबॅक, म्हणजे हद्दीपासून मोकळी जागा, सोडायला लावणं हीच मोठी चूक. पंधरा फुटांच्या जागेत दोन्हीकडे सोडून उरतं काय? शिवाय नवं घर मागे सरकतं आणि गल्लीची रांग पडक्या दातासारखी दिसते. जुन्या पेठांना वेगळा नियम हवाच.

शहापूरकर: माडीवाले दादा, फुकट सांभाळा असं मी म्हणतच नाही. अहमदाबाद २०१७ मध्ये जागतिक वारसा शहर झालं. तिथे वारसा घर जपणाऱ्याला न वापरलेला बांधकामाचा हक्क टीडीआर म्हणून विकता येतो. इथेही तसं करा.

माडीवाला: होय की, पण तो हक्क बेळगावात विकत घेणार कोण? भाव नसलेला कागद घेऊन मी सुताराची मजुरी भागवू का? घरपट्टी माफ करा, दुरुस्तीला बिनव्याजी कर्ज द्या. मग कट्टाही ठेवतो, चौकही ठेवतो. तोवर बिल्डरला नाही म्हणायला माझ्याकडे कारण नाही.