विषय: कर्नेलचा पहिला पॅच परत आला

दादा, नमस्कार.
गणपतीच्या मीटिंगला तुम्ही म्हणालात, अडलं तर विचार. लिनक्स कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, स्टेजिंगमधल्या (अजून पक्क्या न झालेल्या कोडमधल्या) एका ड्रायव्हरसाठी पॅच, म्हणजे कोडमधला बदल, मेलिंग लिस्टवर पाठवला, तर मेलच परत आली. पुन्हा पाठवला तर उत्तर आलं, पॅच कोडवर बसत नाही. चार ओळींचा तर बदल! काय चुकलं?

*

ताई, नमस्कार.
पहिली मेल एचटीएमएलमुळे परत आली, कर्नेलच्या मेलिंग लिस्टवर फक्त साधा मजकूर चालतो. दुसरी मी उघडून पाहिली. ब्राउझरमध्ये पेस्ट करताना टॅबच्या स्पेस झाल्यात. मग आजूबाजूच्या ओळी जुळत नाहीत आणि गिटला, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामला, बदलाची जागाच सापडत नाही. गिटच्या ‘सेंड-ईमेल’ कमांडनेच पाठव. त्याआधी पॅचमधल्या चुका दाखवणारी चेकपॅच स्क्रिप्ट चालव. कोणाला पाठवायचं ते गेट-मेंटेनर ही स्क्रिप्ट सांगेल.

पण मला जास्त खटकलं ते पॅचचं वर्णन. ‘रिटर्न व्हॅल्यू (फंक्शनने परत दिलेलं उत्तर) तपासली’, एवढंच? न तपासल्याने काय बिघडत होतं, मेमरी मिळाली नाही तर ड्रायव्हर कुठे कोसळतो, ते लिही. चार ओळी मेंटेनर, म्हणजे तो कोड सांभाळणारा, मिनिटात वाचेल, पण त्या का घातल्या हे त्याने कुठून खणून काढायचं? दहा वर्षांनी कुणी गिट ब्लेम करत, म्हणजे कोणती ओळ कोणी बदलली ते शोधत, त्या ओळीपाशी येईल, तेव्हा त्याच्या हाती तुझं वर्णनच असेल. आणि जाता जाता कॉमेंटमधलं स्पेलिंग सुधारलंयस, तो वेगळा पॅच कर.

शेवटची ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही नावाची ओळ राहिलीय. कोडच्या मालकीवरून कोर्टकज्जे चालू असताना, २००४ साली, ही पद्धत आली. हा कोड द्यायचा मला हक्क आहे, असं आपण त्या ओळीत लेखी देतो. म्हणून नोकरीचा करार आधी वाच. मी वाचला नव्हता. कंपनीची परवानगी येईपर्यंत माझा पॅच महिनाभर अडकला होता.

नव्या मेलच्या विषयात ‘पॅच व्ही२’ घाल, काय बदललं ते ‘---’ या तीन रेघांखाली लिही. उत्तर आलं नाही तर निदान आठवडाभर थांब.

*

दादा,
करार पाहिला, अडचण नाही. पण कारण लिहायला बसले आणि तिथेच अडले. मेमरी मिळाली नाही की फंक्शन मधूनच परत फिरतं, आणि आधी घेतलेला बफर, म्हणजे मेमरीचा तुकडा, कोणी सोडतच नाही! माझ्या चार ओळींनी ती गळती तशीच राहिली असती. आता स्पेलिंगचा धरून तीन पॅच झालेत. मुलं झोपली की आज रात्रीच पाठवते, त्याआधी गळतीचं वर्णन एकदा वाचाल का?