आपल्या गावची शाळा: आठवणी आणि नोंदी

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर, तोवर प्राथमिक शाळा चालवणाऱ्या स्कूल बोर्डाच्या शाळा त्यांच्याकडे गेल्या, एवढे सातारा जिल्ह्यात बहुतेकांना ठाऊक असते. परंतु आपल्या लहान बाजारगावात वर्ग कोठे भरत, जागा कोणी दिली, मुली केव्हापासून येऊ लागल्या, हे गावकऱ्यांनीच सांगायला हवे. कृपया आपले अनुभव सविस्तर लिहावेत.

*

मी प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका होते. पदभार घेताना जनरल रजिस्टरे, म्हणजे मुलांच्या दाखल-खारीज नोंदींची पुस्तके, मोजून ताब्यात घेतली, तेव्हा सर्वांत जुन्याची पाने इतकी ठिसूळ झाली होती की उलटताना खाली कोरा कागद धरावा लागे. जन्मतारखेच्या रकान्यात पानोपानी १ जून आढळतो, कारण जन्माची नोंद नसलेल्या मुलाच्या वयाचा गुरुजी अंदाज घेत आणि प्रवेशापुरते वय भरेल अशी तारीख लिहीत. मला मात्र शाळा सोडल्याच्या कारणाचा रकाना अधिक बोलका वाटतो: ‘सतत गैरहजर’, ‘परगावी गेला’, ‘लग्न झाले’. जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांची नोंद शोधत लोक येतात, म्हणून तरी ही रजिस्टरे जपली गेली. गावाचा इतिहास म्हणून ती कोणी वाचलेली नाहीत, याची मला खंत आहे.

*

आमची बिगरी, म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग, मारुतीच्या देवळात आणि चौथी चावडीत भरे. शनिवारी सकाळची शाळा सुटण्यापूर्वी मुले आडाचे पाणी आणत आणि मुली जमीन सारवत.

*

माझे आजोबा वर्गाबाहेरच्या ओट्यावर बसून शिकले. पाटी तपासायची झाली की ती उंबऱ्याजवळ ठेवून त्यांना मागे सरावे लागे, आणि गुरुजी ती न उचलता वाकून वाचत. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्येच अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकत्र बसवण्याचा हुकूम काढला होता. आमच्या गावी ओटा त्यानंतरही बरीच वर्षे राहिला. आजोबा पुढे व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवीची परीक्षा, उत्तीर्ण होऊन स्वतः शिक्षक झाले. शाळेचा इतिहास लिहिला जाईल तेव्हा त्यात त्या ओट्याची जागाही दाखवावी, अशी माझी विनंती आहे.

*

वरील रकान्याविषयी वाचून मी आईचा दाखला पुन्हा काढून पाहिला. चौथीनंतर शाळा सोडल्याचे कारण ‘पालकांची इच्छा’ असे लिहिले आहे. प्रत्यक्षात पाचवीचा वर्ग नदीपलीकडच्या गावी होता आणि पावसाळ्यात उतार बंद होई. भाऊ तेथे नातेवाइकांकडे राहून शिकला, तिला मात्र ठेवले नाही. पूल झाला, तेव्हा तिच्या लग्नाला दोन वर्षे होऊन गेली होती.