मदत हवी आहे : सागरी युद्धावरची पुस्तकं, निवृत्त नौसैनिकांसाठी

आमच्या तालुक्यातले आम्ही अकरा निवृत्त नौसैनिक ४ डिसेंबरला, नौदल दिनी, एकत्र जमतो. यंदा पुस्तकांचं एक छोटं कपाट सुरू करायचंय. आठ-दहा पुस्तकं, बजेट पाच हजार.

व्हाइस ॲडमिरल हिरानंदानींचं, भारतीय नौदलाच्या इतिहासावरचं 'ट्रान्झिशन टू ट्रायम्फ' मी आणलं. माहिती भरपूर, पण जाडजूड आणि इंग्रजी. दोघांनी चाळून परत दिलं. एकाने तर पान दुमडलं तेही प्रस्तावनेतच! मेजर जनरल कार्डोझोंचं, बुडालेल्या 'खुकरी' युद्धनौकेवरचं पुस्तक मात्र हातोहात फिरलं, कारण त्यात बचावलेल्या नौसैनिकांचे अनुभव आहेत. मराठीत शोधलं तर आंग्र्यांच्या आरमारावरच्या कादंबऱ्याच पुढे येतात. कादंबरी नको.

हवंय ते असं. १९७१ च्या युद्धात निपात, निर्घात, वीर या क्षेपणास्त्र नौका कराचीकडे निघाल्या तेव्हा खाली इंजिनरूममध्ये काय चाललं होतं? ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ 'खुकरी' बुडाली, १९४ जण गेले. त्या रात्री सोबतच्या 'किरपान' युद्धनौकेवर काय परिस्थिती होती? ॲडमिरलच्या खुर्चीतून दिसलेलं युद्ध वाचून झालं, आता खालच्या डेकवरचं हवं. दुसऱ्या महायुद्धातल्या रॉयल इंडियन नेव्हीबद्दल असेल तरी चालेल.

मराठी उत्तम, सोपी हिंदी चालेल. बरेच जण सत्तरीपुढचे आहेत, त्यामुळे टाइप मोठा हवा, पीडीएफ नको. जुनी प्रतही चालेल.

नौसैनिकाने स्वतः लिहिलेलं किंवा त्याच्या तोंडून ऐकून लिहिलेलं असं कुठलं पुस्तक तुम्ही वाचलंय, आणि ते आता कुठे मिळेल?