मदत हवी आहे: प्रेसमध्ये भावाची बोटं गेली, भरपाई कुठे मागायची?

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ साकीनाक्याला एका गाळ्यात पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून कापायचं मशीन) कामाला आहे. गेल्या महिन्यात उजव्या हाताची दोन बोटं गेली. शेठने दवाखान्याचं बिल भरलं आणि आता म्हणतोय, वीस हजार घे, या कागदावर सही कर. मी सही करू दिलेली नाही. (आईचं म्हणणं, मिळतंय ते घ्या, शेठशी वाकडं नको.)

पगार 16,000, म्हणजे ईएसआयसीच्या (कामगारांचा सरकारी विमा) 21,000 च्या पगार-मर्यादेत. पण पगार रोख मिळायचा, त्यामुळे नोंदणी होती की नाही तेच कळत नाही. नोंदणी असेल तर भरपाई ईएसआयसीच देते, मालकावर वेगळा दावा चालत नाही, एवढं ठाऊक आहे. नसेल तर? हजेरी कार्डाचा फोटो आणि केसपेपर पुरावा म्हणून पुरतील का?