ऑटोकॅड (आराखडे काढायचं सॉफ्टवेअर): ए३ शीटवर १:१०० स्केल जुळत नाही

रेघ_आणि_बिंदू:
बंगल्याचा प्लॅन मीटरमध्ये आहे (१ युनिट = १ मी.). लेआउटमध्ये (छपाईच्या कागदाचं पान) व्ह्यूपोर्टला, म्हणजे प्लॅन दाखवणाऱ्या खिडकीला, १:१०० दिलं की प्लॅन दिसेनासाच होतो. टायटल ब्लॉकही (शीटची माहिती देणारी तयार चौकट) ठिपक्याएवढा येतो. अंदाजाने झूम करून प्रिंट काढली, तर १२ मीटरची भिंत पट्टीवर ११४ मिमी भरते.

काटकोन:
लेआउटचा कागद मिमीमध्ये मोजला जातो. त्यामुळे १:१०० ला तुमची १२ युनिटची भिंत ०.१२ मिमी होते. व्ह्यूपोर्टच्या आत डबल क्लिक करून झूम कमांड द्या आणि १०एक्सपी (10xp, म्हणजे कागदावर १ युनिटला १० मिमी) टाइप करा (१ मी. = १००० मिमी, म्हणून १००० ÷ १००). १:५० साठी २०एक्सपी. लगेच व्ह्यूपोर्ट लॉक करा, नाहीतर माउसचं चाक जरा फिरलं की स्केल गेलाच. मॉडेलमधली (जिथे प्लॅन खऱ्या मापात काढलाय तिथली) अक्षरं कागदावर २.५ मिमी हवी असतील तर उंची ०.२५ ठेवा.

गवंडीकाम:
टायटल ब्लॉक ठिपक्याएवढा येण्याचं कारण इनसयुनिट्स (INSUNITS), म्हणजे फाइलचं एकक ठरवणारी सेटिंग; ४ = मिमी, ६ = मीटर. फाइल मीटरमध्ये, ब्लॉक मिमीमध्ये, म्हणून तो हजारपट लहान होऊन येतो. इनसयुनिट्स ४ करून ब्लॉक घाला, मग परत ६ करा.
प्लॉट करताना ‘फिट टू पेपर’ची खूण काढून स्केल १:१ ठेवा. पीडीएफ छापतानाही ‘अ‍ॅक्च्युअल साइज’च निवडा, बहुतेकदा चूक इथेच होते.

रेघ_आणि_बिंदू:
भिंत १२० मिमी भरली, आभार! त्याच शीटवर १:२० चा जिन्याचा तपशील आहे. मग टायटल ब्लॉकमध्ये स्केल कोणता लिहू?

काटकोन:
तिथे ‘दर्शवल्याप्रमाणे’ लिहा आणि प्रत्येक आकृतीखाली तिचा स्केल द्या. जिन्याला ५०एक्सपी.